ट्रॅक्टरचा हायड्रोलिक फिल्टर घेताना या चुका टाळा

पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टरची लिफ्ट, म्हणजे अवजार उचलणारे मागचे हात, हळू उचलायला लागली की तिचं तेल गाळणारा जुना फिल्टर पिशवीत टाकून तालुक्याला पार्टच्या दुकानात जायचं, काउंटरवरचा पोरगा उंची बघतो, आटे फिरवून बघतो आणि बसला की म्हणतो हाच आहे, घेऊन जा. सगळ्यात मोठी चूक इथंच होते. आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असं अजिबात नाही. इंजिन ऑइलचा फिल्टरसुद्धा कधी कधी त्याच आट्यांवर बसतो, पण आतला कागद वेगळा, बायपास व्हॉल्व्ह (फिल्टर तुंबला की तेलाला बाजूनं वाट देणारा) वेगळ्या प्रेशरला उघडणारा, पत्र्याची ताकदही वेगळी. म्हणून ट्रॅक्टरच्या पुस्तकातला पार्ट नंबर घेऊन जा, पुस्तक हरवलं असेल तर चेसिस नंबर सांगा, नुसतं मॉडेल सांगून भागत नाही, कारण एकाच मॉडेलच्या ड्राय ब्रेकवाल्या (कोरडे ब्रेक) आणि ऑइल ब्रेकवाल्या (तेलात बुडालेले ब्रेक) ट्रॅक्टरचे पार्ट वेगळे असू शकतात.

दुसरी चूक चांगल्या हेतूनं होते, "जितका बारीक गाळेल तितका भारी" असं समजून. भाऊ, आधी बघा फिल्टर पंपाच्या आधी बसलाय की नंतर. पंपाच्या नंतर प्रेशर असतं त्यामुळं तिथं तेल बारीक कागदातूनही ढकललं जातं, पण पंपाच्या आधी, म्हणजे सक्शनला, पंप नुसता ओढतो आणि ती ओढ हवेच्या दाबापेक्षा जास्त होऊच शकत नाही. म्हणून बऱ्याच ट्रॅक्टरला सक्शनला साधारण १०० ते १५० मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तारेची जाळी असते आणि १० ते २५ मायक्रॉनचा कागदी फिल्टर प्रेशर लाइनला किंवा तेल परत टाकीत नेणाऱ्या रिटर्न लाइनला. सक्शनला कंपनीनं दिलाय त्यापेक्षा बारीक फिल्टर लावला की पंप उपाशी राहतो, तेलात बुडबुडे होतात, ते पंपात फुटतात आणि गिअर खरवडून काढतात. थंडीत सकाळी तेल घट्ट असतं तेव्हा पंप किंचाळतो तो याच्यामुळंच. बारीक गाळायच्या नादात आख्खा पंप घालवू नका, खरंच सांगतोय.

कागदी फिल्टर डिझेलमध्ये धुवून, कॉम्प्रेसरनं हवा मारून परत लावणारे पण खूप आहेत. जाळी धुतली तर चालते, फाटली नसेल तर. कागद धुवायचा नाही, हवेनं तो कुठंतरी उसवतो आणि डोळ्यांना दिसतही नाही.

आता फिल्टर बदलायच्या आधी दुखणं फिल्टरचंच आहे का ते बघा. तेल थंड असताना लिफ्ट हळू आणि गरम झाल्यावर बरी चालत असेल तर सक्शन चोक (तुंबलेलं) असण्याची शक्यता जास्त. उलट असेल, म्हणजे सकाळी चांगली आणि दुपारी तेल तापल्यावर रोटाव्हेटर उचलेना, तर पंप झिजलाय का ते तपासा. उचललेला नांगर आपोआप खाली बसतोय? तो फिल्टरचा दोष नाही, सिलिंडरचं सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह बघा. तेलावर फेस असेल तर बहुतेक सक्शनच्या जोडात हवा शिरतेय, चपटी झालेली ओ-रिंग (जोडातली गोल रबरी रिंग) बदला. भाताच्या चिखलणीनंतर तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, अशा वेळी नुसता फिल्टर बदलून काही होत नाही, तेल पूर्ण काढावंच लागतं.

पलटी नांगर किंवा डंपिंग ट्रॉली चालवणाऱ्यांनी तर जास्तच लक्ष द्या. पाइपची टोकं धुळीत लोंबत ठेवायची आणि तशीच ट्रॅक्टरला जोडायची, ती सगळी माती तेलात जाते. बऱ्याच ट्रॅक्टरला गिअरबॉक्स आणि हायड्रोलिकचं तेल एकच असतं, म्हणजे गिअरचा चुरा, ऑइल ब्रेकची झीज आणि वर ही माती, सगळं त्या एका फिल्टरवर. अशा कामाला पुस्तकातल्या तासांच्या आधीच फिल्टर बदललेला बरा.

बसवताना जुनं गॅस्केट (फिल्टरच्या तोंडाचं रबर) वरच चिकटून राहिलं नाही ना ते बोट फिरवून बघा, दोन गॅस्केट एकावर एक बसली की लोड आल्यावर तेल उडतं. नव्या गॅस्केटला तेलाचं बोट लावा, हातानंच आवळा, पान्यानं पिळू नका. मग इंजिन स्लोवर ठेवून रिकामी लिफ्ट चार-पाच वेळा वर-खाली करा, हवा निघाली की तेलाची लेव्हल परत बघा, नवीन फिल्टर भरल्यामुळं ती थोडी उतरलेली असते.