गोव्याचे लोकायुक्त: तक्रार करताना आणि नेमणूक समजून घेताना या चुका टाळा

गोव्यात बसून मराठीत 'लोकायुक्त तक्रार अर्ज' असे शोधले, की समोर बहुतेक पाने महाराष्ट्राची येतात. लोक तोच नमुना उतरवतात, त्यात सरपंचाचे नाव भरतात आणि अर्ज पणजीला पाठवतात. वर छापलेले असते 'महाराष्ट्र लोकायुक्त आणि उप-लोकायुक्त अधिनियम, 1971'. त्या कायद्याचा गोव्याशी काहीही संबंध नाही. इथे गोवा लोकायुक्त कायदा, 2011 लागू आहे. त्याचे नमुने वेगळे आहेत, व्याख्या वेगळ्या आहेत. 2021 साली त्यात दुरुस्तीही झाली आहे, म्हणून कुणीतरी दहा वर्षांपूर्वी व्हॉट्सॲपवर पाठवलेली कायद्याची प्रत वापरू नका. दुरुस्तीसह असलेली प्रत घ्या आणि 'लोकसेवक' कोण, 'आरोप' म्हणजे काय, मुदत किती, ही तीन कलमे आधी वाचा. बऱ्याच तक्रारी तपासाआधीच अडकतात, त्या इथेच.

चुकीचे दार

कायद्याच्या कक्षेत मंत्री, आमदार, राज्य सरकारचे अधिकारी-कर्मचारी आणि पंचायत-पालिकेतले लोक येतात. केंद्राची कार्यालये येत नाहीत. मुरगाव बंदर, कस्टम्स, टपाल खाते, राष्ट्रीयीकृत बँक इथल्या भ्रष्टाचाराची तक्रार दिल्लीच्या लोकपालांकडे जाते. तिथली मुदत कृत्य घडल्यापासून सात वर्षे आहे. न्यायाधीशांच्या निकालाविरुद्धची तक्रार तर लोकायुक्तांकडे नेऊच नका, निकालाला अपील असते.

दुसरी गफलत जास्त महागात पडते. कुणी आत्ता, या आठवड्यात लाच मागत असेल, तर लोकायुक्तांकडे लेखी अर्ज करणे हा मार्गच नव्हे. त्यासाठी दक्षता संचालनालयाखालचा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे, आणि तिथे पैसे देण्याआधी जायचे असते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली बदल झाला, तेव्हापासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले तरच सुटका आहे. लोक दोन महिने मनात कुढत बसतात आणि मग लोकायुक्तांना लिहितात, 'मी 20 हजार दिले'. हा स्वतःविरुद्धचा लेखी कबुलीजबाब झाला. सापळा लावायला आधीच कळवून पैसे दिले असतील, तर मात्र देणाऱ्यावर गुन्हा येत नाही.

तिसरे, निव्वळ दिरंगाई. मामलेदाराच्या कार्यालयात दाखला अडला, पंचायतीने घरपट्टी नावावर केली नाही, तर आधी तिथलेच अपील वापरा. गोव्यात सेवा वेळेत देण्याचा 2013 चा कायदा आहे. ती सेवा त्याच्या यादीत असेल, तर अपिलाची पायरी तिथेच सापडते. हातात उपाय असताना तो न वापरता वर गेलात, तर पहिला प्रश्न त्यावरच येतो.

'सगळ्या गावाला माहीत आहे'

तक्रारीतले सर्वात कमकुवत वाक्य हेच. लोकायुक्तांना गावाला काय माहीत आहे ते नको असते. कोणत्या तारखेला, कोणत्या कागदावर, कुणाच्या सहीने, कोणता नियम मोडला, हे हवे असते. समजा, बार्देशातल्या एखाद्या पंचायतीने शेतजमिनीत बांधकाम परवाना दिला. नेहमीची तक्रार अशी असते: 'सरपंच व सचिव बिल्डरला विकले गेले आहेत, डोंगर कापला, शेत बुजवले, कृपया कडक कारवाई करावी.' राग खरा असतो, पण यात तपासण्याजोगे काहीच नाही. तीच गोष्ट अशी लिहा:

'अमुक तारखेच्या पाक्षिक बैठकीत ठराव क्र. 4 ने सर्व्हे क्र. 112/3 मध्ये बांधकाम परवाना मंजूर झाला (जोडपत्र 1). त्या दिवशी एक-चौदा उताऱ्यावर जमीन भातशेती म्हणून नोंदलेली होती (जोडपत्र 2). जमीन रूपांतराची सनद दिलेली नाही, असे जिल्हाधिकारी कार्यालयाने माहिती अधिकाराखाली कळवले आहे (जोडपत्र 3). नगरनियोजन खात्याच्या तांत्रिक परवान्याचा क्रमांक ठरावात नाही (जोडपत्र 1, पान 2).'

नावे आणि सर्व्हे क्रमांक तुमचे घाला, पण बांधणी ही ठेवा. एका परिच्छेदात एकच कृती, तिच्या शेवटी जोडपत्राचा क्रमांक. यात कुठेही 'भ्रष्ट' हा शब्द नाही, तरी वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, की सनद नसताना सही झालीच कशी? तो प्रश्न त्याच्या मनात उभा राहिला, की अर्धे काम झाले.

यात एक बारकावा सुटतो. नियम मोडला एवढे दाखवणे पुरेसे नसते. अधिकाऱ्याची नुसती चूकही असू शकते. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा फायदा, पक्षपात, अधिकाराचा गैरवापर यांपैकी काय झाले, तेही कागदावरून दिसावे लागते. शेजारच्या सर्व्हे क्रमांकाचा तसाच अर्ज सनद नाही म्हणून फेटाळला असेल, तर तो ठराव मिळवा. एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, हे दोन ठरावांचे कागद शेजारी ठेवल्यावर जितके स्पष्ट दिसते तितके दहा पाने लिहूनही दिसत नाही.

कागद मिळवायला माहिती अधिकार वापरा. अर्जाचे शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. इथेही एक चूक नेहमी होते: 'परवाना का दिला?' असे विचारले जाते. कारण विचारले, की 'अशी माहिती अभिलेखात नाही' हे उत्तर ठरलेले. कागदाचे नाव घेऊन मागा: त्या बैठकीच्या इतिवृत्ताची, अर्जासोबतच्या सर्व कागदांची आणि फाईलवरच्या शेऱ्यांची साक्षांकित प्रत. आधी फाईलची पाहणी मागितली, तर काय मागायचे ते नेमके कळते आणि पानांचे पैसेही वाचतात.

मोबाईलवरच्या रेकॉर्डिंगचे बरेच जण वाटोळे करून ठेवतात. क्लिप व्हॉट्सॲपने तिघांना पाठवली जाते, जुना फोन विकला जातो, आणि पेन ड्राइव्हवर उरते ती प्रतीची प्रत. मूळ फोन आणि मूळ फाईल जपा. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर त्याच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाईलचे हॅश मूल्य (फाईल बदललेली नाही हे ओळखण्याचा तिचा आकडी ठसा) लिहावे लागते. लोकायुक्तांकडे तक्रार करतानाच ते जोडले, तर प्रकरण पुढे गेल्यावर धावपळ होत नाही.

प्रतिज्ञापत्र वकिलाकडून उतरवून घेऊन न वाचता सही करू नका. शपथेवरचे खोटे विधान हा स्वतंत्र गुन्हा आहे. 'माझ्या माहितीप्रमाणे' आणि 'कागदपत्रांवरून' हे दोन भाग वेगळे ठेवा: कोणते परिच्छेद स्वतः पाहिलेले, कोणते कागदावरून घेतलेले. निनावी पत्र पाठवून चौकशीची वाट पाहण्यात वर्षे जातात, म्हणून नाव-पत्ता-सहीनिशी लिहा. मराठीत लिहायला हरकत नाही, 1987 च्या राजभाषा कायद्याने गोव्यात मराठीलाही सरकारी कामात स्थान आहे. पण सुनावणीचे आणि अहवालांचे काम इंग्रजीत चालते, म्हणून इंग्रजी भाषांतर सोबत जोडणे शहाणपणाचे.

लोकायुक्त शिक्षा देत नाहीत

तक्रारीच्या शेवटी 'आरोपींना तुरुंगात टाकावे', 'परवाना रद्द करावा' अशा मागण्या लिहू नका. गोव्याचे लोकायुक्त चौकशी करतात आणि सक्षम अधिकाऱ्याकडे शिफारशीसह अहवाल पाठवतात. परवाना रद्द करायचा तर पंचायत संचालक किंवा न्यायालय, खटला चालवायचा तर तपास यंत्रणा. म्हणून मागणी अशी करा: अमुक कृतीची चौकशी व्हावी आणि आरोप सिद्ध झाल्यास खात्यांतर्गत कारवाईची व तपास यंत्रणेकडे सोपवण्याची शिफारस व्हावी. बांधकाम चालू असेल तर ते थांबवण्याचा अर्ज त्याच आठवड्यात पंचायत संचालनालयाकडे वेगळा द्या. लोकायुक्तांच्या अहवालापर्यंत तिसरा मजला चढलेला असतो.

शिफारस म्हणजे काय, हे गोव्याने जवळून पाहिले आहे. न्यायमूर्ती प्रफुल्ल कुमार मिश्रा सप्टेंबर 2020 मध्ये गोव्याच्या लोकायुक्त पदावरून उतरले. आपल्या काळात पाठवलेल्या 21 अहवालांवर सरकारने कारवाई केली नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले, आणि कायद्याला दात नसतील तर ही संस्था बंदच करावी, असेही म्हटले. त्या अहवालांत 88 खाणपट्ट्यांच्या नूतनीकरणाचाही अहवाल होता. ते पट्टे सर्वोच्च न्यायालयाने 7 फेब्रुवारी 2018 रोजीच रद्द केले होते. निवृत्त न्यायमूर्तीने इतक्या स्पष्ट शब्दांत बोलावे, ही गोष्ट प्रत्येक गोंयकाराने मनावर घ्यावी अशी आहे. तक्रारदाराने त्यातून एवढे घ्यावे, की अहवाल लागला म्हणून फाईल बंद करायची नाही. कृती अहवालाची (सरकारने त्यावर काय केले त्याची) प्रत माहिती अधिकाराखाली मागा आणि आपल्या आमदाराला विधानसभेत त्यावर लेखी प्रश्न टाकायला सांगा. प्रश्नात अहवालाचा क्रमांक आणि तारीख असू द्या, नाहीतर उत्तर गोलमाल येते.

नेमणुकीबद्दलचे गैरसमज

'मुख्यमंत्री नेमतात' आणि 'राज्यपाल नेमतात', दोन्ही वाक्ये अर्धवट आहेत. नेमणूक राज्यपालांच्या सहीने होते. नाव मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने येते. त्याआधी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि विधानसभेतले विरोधी पक्षनेते यांच्याशी विचारविनिमय व्हावा लागतो. इथे पत्त्याचीही चूक होते. गोव्याला वेगळे मुख्य न्यायमूर्ती नाहीत, पर्वरीला आहे ते मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ. नेमणुकीबद्दलचे निवेदन मुख्य न्यायमूर्तींना द्यायचे असेल तर ते मुंबईला जाते.

'विरोधी पक्षनेत्याने नकार दिला की नेमणूक अडते', हा मोठा गैरसमज. विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे. मग मुख्य न्यायमूर्तींचा शब्द तरी शेवटचा असतो का? यावर सर्वोच्च न्यायालयाचे जानेवारी 2013 मधले, नऊ दिवसांच्या अंतराने आलेले दोन निकाल आहेत, आणि लोक त्यातला एकच वाचतात. 2 जानेवारीला गुजरातच्या प्रकरणात न्यायमूर्ती आर. ए. मेहतांची नेमणूक कायम झाली आणि मुख्य न्यायमूर्तींच्या मताला प्राधान्य मिळाले. गुजरातच्या कायद्यात त्या वेळी मुख्यमंत्र्यांची भूमिका लिहिलेलीच नव्हती. 11 जानेवारीला कर्नाटकच्या उपलोकायुक्तांच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले, की तिथल्या कायद्यात मुख्यमंत्र्यांचा सल्ला स्पष्ट लिहिलेला असल्याने मुख्य न्यायमूर्तींना तसे प्राधान्य नाही. पण त्यांच्याशी विचारविनिमय केलाच नाही म्हणून ती नेमणूक टिकली नाही. गोव्याची रचना मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याची आहे, तेव्हा इथल्या नेमणुकीला आव्हान देताना गुजरातचा निकाल पुढे करणे कच्चे ठरते. मुद्दा कर्नाटकचा घ्यावा: नाव आणि त्याची माहिती दोघांना खरोखर कळवली होती का, मत द्यायला वेळ दिला होता का? दोघांपैकी एकाला विचारलेच नसेल, तर ती नेमणुकीतली खरी भेग.

खुर्ची रिकामी असते तेव्हा

पहिले लोकायुक्त न्यायमूर्ती बी. सुदर्शन रेड्डी, 2025 मध्ये उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवलेले तेच, मार्च 2013 मध्ये आले आणि त्याच वर्षी राजीनामा देऊन गेले. त्यानंतर न्यायमूर्ती मिश्रा आले ते थेट 2016 मध्ये. ते 2020 मध्ये गेल्यावर न्यायमूर्ती अंबादास जोशी 2021 मध्ये आले. मधली सगळी पोकळी तक्रारदारांनी भोगली.

अशा वेळी 'नवे लोकायुक्त आल्यावर देऊ' म्हणून तक्रार घरी ठेवू नका. पद रिकामे म्हणून मुदत थांबेल, असे धरून चालणे धोक्याचे आहे. कार्यालयात द्या, प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. टपालाने पाठवली तर पोचपावती त्याच प्रतीला टाचून ठेवा.

नेमणूक का रखडली हे विचारण्याचा अर्ज पर्वरीच्या सचिवालयातल्या मुख्य सचिव कार्यालयाच्या माहिती अधिकाऱ्याकडे करा. विषय दुसऱ्या खात्याचा असला तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(3) खाली पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवणे ही त्यांची जबाबदारी. मागायच्या गोष्टी चारच: पद रिकामे झाल्याची तारीख, मुख्य न्यायमूर्तींना पाठवलेल्या पत्राची तारीख, विरोधी पक्षनेत्यांना पाठवलेल्या पत्राची तारीख, आणि दोघांच्या उत्तरांच्या तारखा. नावे मागू नका, गोपनीयतेचे कारण देऊन सगळा अर्ज फेटाळायला निमित्त मिळते. तारखा नाकारणे अवघड असते, आणि फाईल कोणत्या टेबलावर किती महिने पडून होती ते तारखांवरूनच उघडे पडते. उत्तर आले नाही तर 30 दिवसांत पहिले अपील, त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. आयोगात जाताना मूळ अर्ज, पोचपावती आणि पहिल्या अपिलाचा आदेश या तिन्हींच्या प्रती सोबत हव्यात.