उन्हाळ्यात मालवण कसे पाहावे?

मे महिन्यात मालवणला निघताना आधी पंचांग पाहावे, कारण तिथला दिवस भरती-ओहोटीवर चालतो. कोकणातला जुना ठोकताळा सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, तर दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेला मात्र भरती सव्वाअकराच्या आगेमागे येते. रॉक गार्डनच्या कातळातील डबक्यांमध्ये अडकलेले छोटे मासे आणि खेकडे पाहायचे असतील, तर तिथे ओहोटीलाच जावे.

सिंधुदुर्गासाठी सकाळची पहिली होडी गाठावी. जमीन तापली की दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि पाणी खवळू लागते. शिवाय किल्ल्यात सावली फार कमी आहे. त्याआधी किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा अवश्य पाहावा. गणपती, सूर्य आणि चंद्र कोरलेल्या या खडकाची पूजा करून 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावरील बांधकामाचा मुहूर्त केला, असे सांगितले जाते. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली 1667 मध्ये किल्ला पूर्ण झाला.

होडी जवळ येईपर्यंत दरवाजा दिसत नाही, कारण तो दोन बुरुजांच्या वळणात दडवलेला आहे. शत्रूच्या तोफेला समोरून नेम धरता येऊ नये, हा त्यामागचा विचार होता; तो समजून घेण्यासाठी आत शिरण्यापूर्वी तिथे क्षणभर थांबून मागे वळून पाहावे. आत राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वर मंदिर आहे. दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या तीन विहिरींना चहूकडे खारे पाणी असूनही गोडे पाणी लागते, आणि माझ्या मते किल्ल्यातील सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच आहे, कारण या पाण्याविना तटबंदी कितीही भक्कम असती तरी वेढ्यात टिकली नसती. 1765 मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले, पण ते टिकले नाही. तटावरून फेरी मारण्यासाठी किमान दोन तास हाताशी ठेवावेत.

चिवला किनारा शांत आहे. तारकर्लीचा किनारा आणि देवबागचा नदी-समुद्र संगम संध्याकाळी गाठावा. पहाटे कुठे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असेल, तर दोर ओलांडू नये, बाजूला उभे राहून पाहावे. स्नॉर्केलिंग करताना प्रवाळावर पाय ठेवू नये, कारण हे क्षेत्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि मोडलेला प्रवाळ पुन्हा वाढायला वर्षानुवर्षे लागतात.

रेल्वेने येणाऱ्यांनी कुडाळला उतरावे; तिथून मालवण सुमारे 30 किलोमीटर आहे. 1 जूनपासून मासेमारी बंदी सुरू होते आणि पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्याही बंद राहतात, त्यामुळे ताजी सुरमई आणि किल्ला दोन्ही हवे असतील, तर मेच्या मध्यापर्यंतच बेत आखावा. मेअखेरीस समुद्र बिघडला की होड्या आयत्या वेळी थांबवल्या जातात. तेव्हा किल्ला पहिल्याच सकाळी पाहून घ्यावा.