छोट्या ट्रॅक्टरने घरापर्यंतचा कच्चा रस्ता सारखा करताना

मुरूम-खडीच्या रस्त्यावर खड्डा पडला की त्यात दोन पाट्या खडी ओतायची आणि वरून गाडी फिरवायची, हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात निरुपयोगी उपाय. जुन्या खड्ड्याचा तळ आणि कडा दाबून कडक झालेल्या असतात. त्यांच्यात टाकलेली मोकळी खडी वाटीत ठेवल्यासारखी राहते, कशाला धरत नाही. पहिल्या पावसात पाणी त्याच वाटीत उतरतं, चाक आपटलं की ते चिखल आणि बारीक कच घेऊन बाहेर उडतं, आणि खड्डा जागच्या जागी परत तयार. म्हणून लेव्हलिंग म्हणजे उंच भाग खरवडून खोलगट भागात ढकलणं एवढंच नव्हे. खड्ड्याच्या तळापर्यंत पूर्ण रुंदी उकरायची, तो माल पुन्हा पसरायचा, त्याला ढाळ द्यायचा आणि दाबायचा.

१८ ते २५ अश्वशक्तीच्या छोट्या ट्रॅक्टरने हे होतं, फक्त मोठ्या यंत्राच्या घाईने होत नाही. नुसतं गवत कापण्यासाठी बनवलेल्या हलक्या ट्रॅक्टरला मात्र जमिनीत घुसणारं अवजार लावू नये. त्याचा मागचा गिअरबॉक्स अशा ओढीसाठी नसतो, तो तापतो आणि बसतो. अशा ट्रॅक्टरमागे फार तर जाळीची किंवा लोखंडी चॅनलची फळी ओढावी, तीही मोकळा माल पसरण्यापुरती.

अवजारं तीन प्रकारची मिळतात. मागचं सरळ पातं कोनात फिरवता येतं, त्यामुळे माल एका बाजूला सारायला उत्तम, पण नवख्याच्या हातून लाटा पाडतं. बॉक्स ब्लेडला पुढे उकरणारे दात, मागे पातं आणि दोन्ही बाजूंना भिंती असतात, त्यामुळे माल पेटीत भरून पुढे वाहून नेता येतो. तिसरा प्रकार लांब पट्ट्यांवर सरकणाऱ्या लेव्हलरचा, आत दोन तिरकी पाती असलेला. रस्ता आधीच बरा असेल आणि वर्षातून दोनदा हात फिरवायचा असेल, तर याच्याइतकं बिनचूक काही नाही. एकच अवजार घ्यायचं झालं तर आम्ही बॉक्स ब्लेड सुचवू, कारण खड्डे मुळापासून काढायला दात लागतातच.

लाटा का पडतात, हे एकदा समजून घेतलं की निम्मं काम झालं. समजा, पुढच्या आणि मागच्या आसात १४० सेंटिमीटर अंतर आहे आणि पातं मागच्या आसाच्या १०० सेंटिमीटर मागे आहे. पुढची चाकं ३ सेंटिमीटरच्या उंचवट्यावर चढली की पातं सुमारे २ सेंटिमीटर खाली घुसतं. थोड्या वेळाने मागची चाकं त्याच उंचवट्यावर येतात आणि पातं ५ सेंटिमीटर वर उचललं जातं. म्हणजे ट्रॅक्टर रस्त्यावरची लाट नुसती गिरवत नाही, वाढवतो. वेग वाढवला तर पातं उडायला लागतं आणि रस्त्याचा पन्हळी पत्रा होतो. उपाय असा: चालण्याच्या वेगाने, ताशी ३ ते ४ किलोमीटर, सुरुवात सपाट तुकड्यावरून करायची आणि पेटीत कायम थोडा माल ठेवायचा. भरलेली पेटी खोलगट जागा आपोआप भरत जाते, रिकामी पेटी फक्त उड्या मारते.

कामाची वेळ वाफशाची. मुठीत मुरूम दाबला की गोळा व्हावा, बोटाने टिचकी मारली की फुटावा, आणि तळहाताला चिखल लागू नये. कोरड्या रस्त्यावर दात वरच्यावर घासतात, धुरळा उडतो आणि खडीला धरून ठेवणारी बारीक कच वाऱ्यावर जाते. फार ओल्यात चाकं घसरून नव्या चाकोऱ्या पाडतात.

ट्रॅक्टर कामाला लावण्याआधी पोटाखालचं गवत कापायचं डेक काढून ठेवा. मागच्या दोन्ही टायरांत हवा सारखी हवी. एका बाजूचा टायर बसलेला असेल तर पातं दिवसभर तिरकं कापतं आणि माणूस लिव्हरला दोष देत बसतो. सिमेंटच्या सपाट जमिनीवर अवजार टेकवून उजव्या-डाव्या उचल दांड्या सारख्या करून घ्या, बाजूच्या साखळ्या आवळा. ट्रॅक्टरला ड्राफ्ट कंट्रोल असेल तर तो बंद ठेवून पोझिशन कंट्रोलवर, म्हणजे अवजार ठरवलेल्या उंचीवर धरून ठेवणाऱ्या लिव्हरवर, काम करा. ओढ वाढली की ड्राफ्ट कंट्रोल अवजार उचलतो. नांगरटीला ते बरोबर, रस्त्यावर तेच लाटांचं कारण. टॉप लिंक, म्हणजे अवजाराला वरच्या बाजूने ट्रॅक्टरशी जोडणारी आट्यांची दांडी, आखूड केली की अवजार पुढे झुकतं, दात आणि पुढची धार खोल घुसते. लांब केली की मागची धार टेकते आणि माल गुळगुळीत पसरतो. या एका स्क्रूवर सगळं काम चालतं, म्हणून दोन-दोन आटे फिरवून फरक बघत जा.

आधी कडा मोकळ्या करा. वर्षानुवर्षं चाकांनी बाहेर फेकलेली खडी आणि त्यावर उगवलेलं गवत मिळून दोन्ही बाजूंना बांध तयार होतो. तो पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि रस्त्याचाच ओढा होतो. हा बांध कापून त्यातली खडी आत ओढा. गवताची मुळं आणि काळी माती मात्र वेचून टाका, ती थरात गेली की तिथं पुढे मऊ पडतं.

मग उकरणी. सगळ्यात खोल खड्डा काठीने मोजा. तो ८ सेंटिमीटर असेल तर उकरणी ९ ते १० सेंटिमीटर. एका फेरीत जाऊ नका, दर फेरीला २ ते ३ सेंटिमीटर पुरे. चाकं फिरत राहिली आणि ट्रॅक्टर हलेना, तर एकाआड एक दात काढून टाका, खोली कमी करा आणि फेऱ्या वाढवा. चेपलेला थर एकदा तिरका उकरला की सरळ फेऱ्या बऱ्याच हलक्या जातात. मोठा दगड लागला तर अवजार उचला आणि पहारीने काढा. ओढून काढण्याच्या नादात दांड्या वाकतात. जमिनीखालून पाण्याची लाइन किंवा वीजवाहिनी कुठून गेली आहे, हे दात टेकवण्याआधी शोधून खूण करून ठेवा.

आता ढाळ. रस्ता कासवाच्या पाठीसारखा हवा, मधे उंच, दोन्ही कडांना उतरता. खडीच्या रस्त्याला ४ टक्के ढाळ चालतो. ३ मीटर रुंदीच्या रस्त्यात मधला भाग कडेपेक्षा ६ सेंटिमीटर उंच. डोळ्याने हा अंदाज हमखास चुकतो. दीड मीटरची सरळ फळी मध्यापासून कडेपर्यंत आडवी ठेवा, कडेकडच्या टोकाखाली ६ सेंटिमीटर जाडीचा लाकडी ठोकळा सरकवा आणि वर गवंड्याची लेव्हल ठेवा. बुडबुडा मधे आला की ढाळ बरोबर. कडेकडे सरकला तर ढाळ कमी आहे, मध्याकडे सरकला तर जास्त. दर पाच मीटरवर हे करा.

बॉक्स ब्लेडने हा आकार आणताना उजवी उचल दांडी थोडी लांब करून उजवं टोक खाली करा आणि जाताना-येताना दोन्ही वेळा रस्त्याची कड आपल्या उजव्या हाताला ठेवा. कोनात फिरणारं पातं असेल तर बाहेरचं टोक पुढे, आतलं टोक मागे, साधारण ३० अंशात. माल नेहमी मागच्या टोकाकडून सुटतो, म्हणून तो मधोमध वरंब्यासारखा पडतो. शेवटी पातं सरळ आणि टॉप लिंक लांब करून तो वरंबा हलक्या हाताने पसरायचा. डोंगरउताराच्या रस्त्याला दुहेरी ढाळ सोडून एकाच बाजूला, दरीकडे किंवा चराकडे, ढाळ दिलेला बरा.

नवी खडी लागणारच असेल तर या टप्प्यावर टाका. नदीतली गोल खडी नको, ती चाकाखाली गोट्यांसारखी निसटते. फोडलेली, टोकदार, २० मिलिमीटरपासून कचीपर्यंत मिसळलेली खडी एकमेकांत बसते. ४० मीटर लांब, ३ मीटर रुंद, दाबून ५ सेंटिमीटर थर म्हणजे ६ घनमीटर. दाबल्यावर बसते म्हणून मोकळी साडेसात घनमीटर मागवा, वजनाने साधारण १२ टन. ट्रकवाल्याला मागची फळी थोडीच उघडून चालत्या गाडीतून पसरत यायला सांगा. एकाच ढिगाऱ्यातून १२ टन ओढत नेणं छोट्या ट्रॅक्टरला छळणं आहे.

दबाई त्याच दिवशी, ओल असेपर्यंत. कंपन देणारी प्लेट मिळाली तर सर्वांत चांगली. नाहीतर ट्रॅक्टरची चाकं दर फेरीला एक टायर सरकवत पूर्ण रुंदीवरून न्या, कडेकडून मध्याकडे. दोन्ही चाकोऱ्यांतच फिरवलं तर नवे खड्डे तिथेच सुरू होतील.

दोन गोष्टींत हयगय नको. ओढायची फळी किंवा साखळी फक्त खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेल्या ओढीच्या दांड्यालाच, अडकवा. टॉप लिंकच्या जागी किंवा आसाला बांधली आणि ती कुठे अडकली, तर ट्रॅक्टर पुढून उचलून मागे चालकावर उलटतो. आणि उतारावर वळताना अवजार जमिनीपासून जेमतेम वर ठेवा; संरक्षक कमान असेल तर पट्टा बांधूनच बसा.

पहिला जोराचा पाऊस उघडताच रस्त्यावरून पायी जा. जिथं पाणी थांबलेलं दिसेल तिथं खुंटी ठोका आणि वाफसा आला की तेवढाच तुकडा पुन्हा तळापासून उकरा.