फिनलंडमधला पहिला हिवाळा: सौना, अवान्तो आणि स्की

रोटरी यूथ एक्स्चेंजने, म्हणजे रोटरी क्लबच्या विद्यार्थी अदलाबदलीतून, ऑगस्टमध्ये फिनलंडला पोहोचलेल्या मुलामुलींना सौनाचं, म्हणजे तापवलेल्या खोलीत घाम काढत बसायचं, आमंत्रण बहुधा पहिल्या काही दिवसांतच येतं. जेमतेम पंचावन्न लाख लोकांच्या या देशात सौना तीस लाखांच्या आसपास असल्याचं सांगतात, आणि २०२० साली युनेस्कोने फिनिश सौना संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. यजमान घराच्या दृष्टीने त्यात विशेष काही नाही. आपल्याकडे चहा विचारतात तसं ते सौना विचारतात. हो म्हणा. मात्र आधी उष्णता अंगवळणी पाडा आणि मगच बर्फाच्या पाण्याकडे वळा. शाळेतले मित्र हा क्रम उलटा करायचा आग्रह करतील. ते तिथेच जन्मलेले आहेत, तुम्ही नाही.

सौना

जायच्या आधी एक-दोन पेले पाणी प्या. पोट तुडुंब भरलेलं नको, रिकामंही नको. गळ्यातली चेन, कानातलं, कडं, घड्याळ सगळं बाहेर काढून ठेवा. ८० अंशांत धातू तापतो आणि चटका बसतो. हे मुलं हमखास विसरतात. साबण लावून शॉवर घ्या, मग आत जा.

घरी बायका आणि पुरुष सहसा वेगवेगळे किंवा पाळीपाळीने जातात. टॉवेल गुंडाळून बसायचं असेल किंवा एकट्याने जायचं असेल, तर आधीच सांगा; कुणाला वाईट वाटत नाही. कुणी आग्रह केला आणि तुम्हाला अवघड वाटलं, तर नाही म्हणा आणि तुमच्या रोटरी काउन्सेलरला, म्हणजे तिथल्या क्लबने तुमच्यासाठी नेमलेल्या व्यक्तीला, कळवा. सार्वजनिक जलतरण तलावाच्या सौनात मात्र पोहण्याचे कपडे घालून बसणं बहुतेक ठिकाणी चालत नाही. तिथे दारावरची पाटी वाचा. कुठेही गेलात तरी बाकावर आधी छोटा टॉवेल किंवा बसायचं कापड अंथरायचं आणि मगच बसायचं.

तापमान साधारण ७० ते ९० अंश असतं. गरम हवा वर जमते, म्हणून वरचा बाक सर्वांत तापलेला. पहिल्या वेळी खालच्या बाकावर ५ ते ८ मिनिटं पुरे. तापलेल्या दगडांच्या भट्टीला किउआस म्हणतात. तिच्यावर पाणी टाकलं की उठणारी वाफ म्हणजे लोय्लु. डाव अर्धा भरा, पाणी दगडांवर हळूहळू पसरवा आणि त्याआधी इतरांना विचारा. एकदम बादलीभर ओतलं तर वाफेने सगळ्यांची कातडी भाजते. वाफ आली की कान आणि नाक आधी चटकतात. डोकं खाली करून हाताने तोंड झाकलं की बरं वाटतं.

डोकं हलकं झालं, मळमळलं, हृदय धडधडायला लागलं तर लगेच बाहेर. झटकन उभं राहू नका, आधी खालच्या बाकावर या. बाहेर १० मिनिटं बसा, पाणी प्या, वाटलं तर परत आत. दोन-तीन फेऱ्या खूप झाल्या. नंतर माक्कारा नावाचं सॉसेज भाजतात, ते बहुधा डुकराच्या मांसाचं असतं. शाकाहारी असाल तर आल्या आल्याच सांगून ठेवा. दुकानात भाजायचं चीज सहज मिळतं आणि तेही त्याच जाळीवर भाजता येतं. यजमानांच्या हातात बीअर असते. फिनलंडमध्ये बीअरचं वय १८ आहे, पण रोटरीच्या नियमात दारू, ड्रग्ज, गाडी चालवणं आणि प्रेमप्रकरण या चारही गोष्टींना मनाई आहे, तुमचं वय कितीही असलं तरी. याच नियमामुळे शेजाऱ्याची स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी मोटर) 'जरा चालवून बघ' हेही नाही.

अवान्तो

तळ्याच्या बर्फात पाडलेलं भोक म्हणजे अवान्तो. त्यात शिडीने उतरून डुबकी घेतात. पाणी शून्याच्या किंचित वर, फार तर २-३ अंश. सौनाच्या चार-पाच खेपा झाल्यावर, नोव्हेंबरपासून पुढे याचा विचार करा. दमा, हृदयविकार, अपस्मार असेल, ताप किंवा सर्दी असेल तर नको. घरच्या डॉक्टरांशी मुंबईहून निघण्याआधीच बोलून ठेवलेलं बरं, कारण तिथे ऐनवेळी विचारायला वेळ मिळत नाही. यजमान पालकांची परवानगी हवी, सोबत सवय असलेली मोठी व्यक्ती हवी. एकट्याने कधीच नाही.

अंगावर पोहण्याचे कपडे, डोक्यावर लोकरी टोपी, हातात लोकरी मोजे, पायात निओप्रीनचे बूट. हातमोजे नसले तर थंडगार लोखंडी कठड्याला ओले तळवे चिकटतात. टॉवेल आणि बदलायचे कोरडे कपडे आधीच हाताशी ठेवा. बाहेर आल्यावर बोटं बधिर असतात आणि गुंड्या लागत नाहीत.

उडी मारायची नाही. उडीत डोकं पाण्याखाली जातं, आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात थंडीच्या धक्क्याने श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो. नेमका तो श्वास पाण्याखाली घेतला गेला तर माणूस बुडतो. धडधाकट पोहणारेही यातच अडकतात. म्हणून कठडा धरून पायरी पायरी उतरा आणि उतरताना तोंडाने सावकाश श्वास सोडत राहा. खांद्यापर्यंत गेलात की १० ते २० सेकंद थांबा आणि परत वर या. पहिल्या वेळी एवढंच. पोहायचं नाही, डोकं बुडवायचं नाही. श्वास ताब्यात येत नसेल तर खांद्यापर्यंतही जाऊ नका.

वर आल्यावर अंग झणझणतं, छान वाटतं, आणि पोरं तिथेच उभी राहून फोटो काढत बसतात. शरीराचं आतलं तापमान मात्र बाहेर आल्यावरही काही वेळ उतरतच राहतं. टोपी तशीच ठेवा, अंग पुसा, कोरडे कपडे घाला, गरम रसाचा पेला घ्या. परत सौनात जायचं असेल तर खालच्या बाकावरच बसा; थंडीतून एकदम वरच्या बाकावर गेलं की चक्कर येते.

स्की

तुमच्या वाट्याला येईल ती डोंगरउतारावरची नाही, सपाट जंगलवाटेवरची. शाळेच्या व्यायामाच्या तासालाही येऊ शकते. क्लासिक प्रकारात स्की उंचीपेक्षा सुमारे २० सेंटीमीटर लांब आणि काठी उंचीच्या ८५ टक्के. म्हणजे १६५ सेंटीमीटरच्या मुलीला साधारण १८५ ची स्की आणि १४० ची काठी. पकडीसाठी स्कीच्या तळाला मेण लावायची कटकट नको असेल तर तळाला केसाळ पट्टी असलेली स्की मागा. आतल्या थराला सुती बनियन नको, घामाने भिजली की थांबताच हुडहुडी भरते. लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचं घ्या आणि सुरुवातीला थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे घाला.

पहिल्या दिवशी काठ्या बाजूला ठेवून फक्त घसरा. पडलात तर कडेला पडा. उठताना दोन्ही स्की एकमेकींना समांतर, उताराला आडव्या ठेवा. खाचा पाडलेली वाट, तिला लातु म्हणतात, तिच्यावर पायी चालू नका. खाच मोडली की शांत फिनिश माणूसही बोलतो. मित्राच्या गालावर पांढरा बधिर डाग दिसला तर उघड्या हाताने ऊब द्या, बर्फाने चोळू नका.

तळ्यावर स्की करायची झाली तर एकट्या माणसाला चालायला किमान ५ सेंटीमीटर पक्का बर्फ लागतो. पुलाखाली, ओढ्याच्या तोंडाशी आणि लव्हाळ्याच्या बेटापाशी तो पातळ असतो. वसंतात जाडी तीच असली तरी ताकद कमी होते. गळ्यात बर्फात रुतवायचे दोन टोकदार सुळे अडकवलेले हवेत. पाण्यात पडलात तर तेच कडेला टोचून, आलात त्याच दिशेला स्वतःला ओढून घ्यायचं. यजमानांकडे नसतील तर खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळतात. जाण्याआधी विम्याच्या कागदात हिवाळी खेळ लिहिलेत का, तेवढं बघून घ्या.