इनोव्हाच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये ऑइल भरताना

टोयोटाची इनोव्हा २००५ साली भारतात आली आणि सात-आठ माणसांच्या कुटुंबांनी ती लगेच आपलीशी केली. त्या जुन्या इनोव्हात, तसेच २०१६ मध्ये आलेल्या क्रिस्टातही, हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग आहे. म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप ऑइलला दाब देतो आणि त्या दाबाच्या बळावर पुढची चाके सहज वळतात. मारुतीच्या अर्टिगात किंवा इनोव्हा हायक्रॉसमध्ये हेच काम विजेची मोटर करते. त्या गाड्यांत ऑइलची टाकी नसते, त्यामुळे पुढील माहिती त्यांना लागू नाही.

काम सोपे आहे, पण सुरुवात करण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. स्टिअरिंगचे ऑइल इंजिन ऑइलसारखे थोडेथोडे जळत नाही. ते बंद नळ्यांमधून पंपाकडून रॅककडे, म्हणजे पुढची चाके वळवणाऱ्या दातेरी दांड्याकडे, आणि रॅककडून पुन्हा टाकीकडे फिरत राहते. टाकीतील पातळी स्पष्टपणे खाली गेली असेल, तर ऑइल कोठून तरी बाहेर पडले आहे. म्हणून ऑइल भरणे हे अर्धेच काम मानावे आणि ते कोठून गेले, याचा शोध हे उरलेले अर्धे.

पातळी उतरल्याची खूण बहुधा गाडी लावताना मिळते. कमी वेगात चाक वळवताना स्टिअरिंग जड लागते, मध्येच झटका देते आणि बॉनेटखालून बारीक, चढत जाणारा घूंऽऽ असा आवाज येतो. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण टोकापर्यंत वळवल्यावर क्षणभर आवाज येणे हा दोष नव्हे, कारण तेथे दाब कमाल होऊन पंपातील झडप उघडते. आवाज मधल्या स्थितीतही येत असेल, तर ऑइलमध्ये हवा शिरली असण्याची शक्यता अधिक असते.

तपासणीसाठी गाडी सपाट जागेवर उभी करून हातब्रेक ओढावा आणि इंजिन बंद करावे. पातळीच्या खुणा टाकीच्या बाजूवर किंवा झाकणाला जोडलेल्या कांडीवर असतात, आणि त्या दोन प्रकारच्या असतात: थंड ऑइलसाठी ‘कोल्ड’ आणि गरम ऑइलसाठी ‘हॉट’. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची पातळी सकाळी ‘कोल्ड’च्या खुणांमध्ये पाहावी, वीसेक मिनिटे महामार्गावर चाललेल्या गाडीची ‘हॉट’च्या खुणांमध्ये. थंड ऑइल ‘हॉट’च्या वरच्या रेषेपर्यंत भरले, तर तापल्यावर ते फुगून झाकणाखालून बाहेर येते. तापलेल्या एक्झॉस्टवर असे ऑइल सांडले तर पेट घेण्याचा धोका असतो, त्यामुळे ही चूक किरकोळ समजू नये.

झाकण उघडण्याआधी त्याच्या भोवतीची धूळ स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसून घ्यावी. आपल्या रस्त्यांवरची लाल धूळ झाकणाच्या कडेला चिकटून बसते आणि तिचे कण आत गेले तर पंपाच्या पात्यांवर ओरखडे उमटतात. झाकण उघडल्यावर ऑइलचा थेंब बोटावर घेऊन पाहावा. चांगले ऑइल लालसर आणि पारदर्शक असते. ते काळपट झाले असेल, जळका वास येत असेल किंवा त्यावर फेस दिसत असेल, तर वरून नवे ओतून भागणार नाही. जुने पूर्ण काढून बदलावे लागेल.

कोणते ऑइल घ्यावे, याचे उत्तर दुकानदाराकडे नव्हे, तर गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर शोधावे. इनोव्हासाठी डेक्सरॉन २ किंवा ३ या प्रतीचे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला नुसते एटीएफ म्हणतात ते, चालते. सर्वच गाड्यांना मात्र ते चालत नाही: होंडा आपल्या हायड्रॉलिक स्टिअरिंगसाठी स्वतःचे वेगळे फ्लुइड सांगते, त्यामुळे अमेरिकेत होंडाची जुनी ओडिसी गाडी चालवणाऱ्या मराठी कुटुंबांनी इनोव्हाचा हा नियम तिला लावू नये. ब्रेक ऑइल तर कोणत्याही परिस्थितीत ओतू नये. ते ग्लायकॉलवर आधारलेले असते आणि त्याने स्टिअरिंगमधील रबरी सील फुगून निकामी होतात. थोडेसे जरी गेले, तरी इंजिन सुरू न करता गाडी ओढून गॅरेजला न्यावी. केवळ रंगावर विसंबून टाकी ओळखण्यातही धोका आहे, कारण टोयोटाचे कूलंटही लाल किंवा गुलाबी असते.

लहान नरसाळे लावून ऑइल अगदी थोडे थोडे ओतावे आणि दर वेळी थांबून पातळी पाहावी. खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंतचे अंतर कमी असते, आणि जास्त झालेले ऑइल काढायला मोठी सिरिंज लागते. पातळी वरच्या रेषेच्या किंचित खाली आली की झाकण लावावे, इंजिन सुरू करून ते आयडलवर ठेवावे आणि स्टिअरिंग सावकाश डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवावे. टोकाला ते दोन-तीन सेकंदांहून अधिक दाबून धरू नये, कारण तेवढ्यात पंप फार तापतो. इंजिन बंद करून पुन्हा पातळी पाहावी. ऑइलवर बुडबुडे दिसत असतील तर काही वेळ गाडी तशीच उभी ठेवून हीच क्रिया पुन्हा करावी. बुडबुडे जातच नसतील, तर टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या सैल पट्टीतून हवा आत ओढली जात असावी.

गळती शोधण्यासाठी रात्री पंप आणि पुढच्या चाकांच्या मधल्या भागाखाली मोठा पुठ्ठा अंथरावा. सकाळी डाग कोठे पडला आहे, यावरून अंदाज येतो, मग टॉर्च घेऊन उच्च दाबाची नळी जेथे धातूच्या टोकात दाबून बसवलेली असते तो जोड पाहावा. तेथे ओलसर, धूळ चिकटून काळी झालेली रेघ दिसली, तर नळी बदलण्याची वेळ आली आहे. रॅकच्या दोन्ही टोकांना असलेली घडीदार रबरी आवरणे बोटांनी दाबून पाहावीत. ती आतून जड आणि ओली लागली, तर रॅकचे सील गेले आहे, आणि हे काम नळीपेक्षा बरेच महागात पडते. पंपाच्या अक्षावरून ऑइल झिरपत असेल तर ते पट्ट्यावर उडते व पट्टा घसरू लागतो.

आठवड्याभरात पातळी पुन्हा खाली येत असेल, तर आंबा किंवा वरंध घाटासारख्या रस्त्यावर ती गाडी नेऊ नये. ऑइल पूर्ण गेले तरी स्टिअरिंग चाकांना यांत्रिक रीतीने जोडलेले राहते, त्यामुळे गाडी वळते. परंतु भरलेली इनोव्हा वळणावर एकाएकी जड झाली तर सवय नसलेल्या चालकाला ती सावरणे अवघड जाते. नळी बदलून घेताना जोडावरचे वॉशर नवे बसवायला मेकॅनिकला आवर्जून सांगावे. जुने दाबलेले वॉशर पुन्हा वापरले, तर नव्या नळीच्याही त्याच जोडातून ऑइल झिरपू शकते.