पणजोबांची पलटण शोधायची तर आधी बिल्ल्याची कड वाचा

आमचे पणजोबा परळच्या गिरणीत साचेवाले. पाळी सुटली की थेट तालमीत. एरंडेल चोळलेल्या मल्लखांबावर ते सुईदोरा घ्यायचे तेव्हा चाळीतली पोरं दारात गर्दी करायची, असं आजी सांगायची. पुढे पहिल्या महायुद्धात पलटणीत भरती झाले, इराकात बसऱ्याकडे गेले आणि आले नाहीत. घरी आली ती सरकारने मृताच्या आठवणीसाठी पाठवलेली ब्राँझची मोठी तबकडी आणि चांदीचा बिल्ला, म्हणजे युद्धपदक.

तुमच्याही घरात असं काही असेल, तर तबकडीवर वेळ घालवू नका. तिच्यावर फक्त नाव असतं, हुद्दा नाही, पलटण नाही. खरी माहिती चांदीच्या बिल्ल्याच्या कडेवर कोरलेली असते : शिपाई क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. आणि कृपा करून तो घासू नका! आमच्याकडे दर दसऱ्याला रांगोळीने घासून घासून अर्धी अक्षरं गेली. अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवा धरून भिंगातून वाचा, झिजलेला आकडाही सावलीने उठून दिसतो.

पलटणीचा आकडा फार महत्त्वाचा. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी इराकातल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ ला शरणागती होईपर्यंत. १९२२ मध्ये सगळे आकडे बदलले, ११० ची पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. म्हणून जुना आकडाच धरून चाला.

मग राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (CWGC) संकेतस्थळावर जा, शोध फुकट आहे. आडनावाने सुरुवात करू नका, ते बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं. पलटण आणि पहिलं नाव टाका, आणि स्पेलिंग चार-पाच तऱ्हांनी बदलून बघा. सखारामचा ‘ख’ कारकुनाने कसा ऐकला असेल, याचा विचार करा. बसऱ्याच्या स्मारकाचे फोटो धुंडाळू नका. तिथल्या भिंतीवर गोऱ्या शिपायांची नावं आहेत, आपल्या साध्या जवानांची नाहीत, प्रत्येक पलटणीचे किती गेले एवढा नुसता आकडा आहे. मला ते वाचून फार लागलं. नावं सापडतात ती आयोगाच्या नोंदवहीत.

नोंदीखाली कधी बापाचं नाव, गाव, तालुका असतो. खात्री तिथेच होते. आमच्या नोंदीत गावाचं नाव पार मोडलेलं, पण बापाचं नाव अगदी बरोबर. ती ओळ मी आत्याला मोठ्याने वाचून दाखवली. तिने पुन्हा एकदा वाचायला लावली.