जुन्या गाडीचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन तापून बंद पडतं? डब्यावर खापर फोडण्याआधी या चुका टाळा

एप्रिलची दुपार, खंबाटकी घाट, आणि माझी कास्ट आयर्न बुलेट माथ्याच्या जरा अलीकडे दोनदा खोकून गप्प झाली. किकवर किक मारल्या, काही नाही. वीस मिनिटं सावलीत उभी केली, बाटलीतलं पाणी संपवलं, सहज म्हणून पाय टाकला तर पहिल्याच किकला चालू. साताऱ्याच्या अलीकडे पुन्हा तेच. पॉइंट (स्पार्कसाठी कॉइलचा करंट तोडणारा जुना यांत्रिक स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवल्याला जेमतेम महिना झाला होता, त्यामुळे गुन्हेगार कोण हे ठरवायला मला वेळ लागला नाही. पुण्याला येऊन दुसरा डबा, म्हणजे किटमधलं इलेक्ट्रॉनिक युनिट, घेतला. पंधरा दिवसांत तोही तसाच झोपला. तिसऱ्यासाठी पैसे काढायला निघालो तेव्हा मिस्त्रीकाका म्हणाले, "साहेब, डबे किती बदलणार? आधी त्या कॉइलला हात लावून बघा." हात लावला आणि चटका बसून लगेच मागे घेतला.

कॉइल, म्हणजे बॅटरीच्या व्होल्टचे स्पार्कसाठी हजारो व्होल्ट करते ती, ६ व्होल्टची निघाली. आधीच्या मालकाने गाडी १२ व्होल्टवर नेली होती; बॅटरी, बल्ब, हॉर्न सगळं बदललं आणि कॉइल तेवढी जुनीच ठेवली. पॉइंट सारखे जळायचे म्हणून तर मी किट बसवलं होतं. म्हणजे रोग तोच राहिला, फक्त पॉइंटऐवजी आता डबे जळत होते.

यातला हिशोब सोपा आहे. ६ व्होल्टच्या कॉइलच्या प्रायमरीचा (बॅटरीकडच्या वेटोळ्याचा) रेझिस्टन्स दीड ओहमच्या आसपास असतो, पॉइंटवर चालणाऱ्या १२ व्होल्टच्या कॉइलचा तीन ते साडेचार. बॅटरी १२.६ व्होल्टला धरली तर चार ओहमच्या कॉइलमधून तीन अँपिअरच्या थोडा वर करंट जातो, दीड ओहमच्या कॉइलमधून ८.४. हा सगळा करंट डब्यातल्या ट्रान्झिस्टरमधून जातो आणि त्याच्यावर साधारण सव्वा-दीड व्होल्ट पडतो. म्हणजे कॉइल चालू असेल त्या प्रत्येक क्षणी चार वॅटच्या जागी दहा-बारा वॅट उष्णता, तीही काड्यापेटीएवढ्या डब्यात. म्हणून किट घेताना डब्याच्या कागदावर कॉइलचा किमान रेझिस्टन्स किती लिहिलाय ते आधी बघा आणि आपली कॉइल मल्टिमीटरवर मोजा. मोजताना कॉइलच्या दोन्ही वायरी काढून मोजा, आणि मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करा. दीड ओहमच्या मापात मीटरच्या वायरीचा पाव ओहमही घोळ घालतो.

गॅरेजमध्ये इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या सगळ्याच डब्यांना 'सीडीआय' म्हणतात, आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. वर सांगितला तो ट्रान्झिस्टरचा डबा: बॅटरीचा करंट कॉइलमधून वाहू देतो आणि ऐन वेळी तोडतो, पॉइंट करायचे तेच काम. खरा सीडीआय (कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन) वेगळा. १९८५ साली आलेल्या यामाहा आरएक्स १०० चं उदाहरण घ्या. तिच्या मॅग्नेटमध्ये (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकात) सोर्स कॉइल असते, ती डब्यातला कपॅसिटर दोनशे-तीनशे व्होल्टपर्यंत भरते, स्पार्कची वेळ सांगणाऱ्या पिकअप कॉइलचा इशारा आला की तो कपॅसिटर एका झटक्यात इग्निशन कॉइलमध्ये रिकामा होतो. इथे बॅटरी मेली तरी गाडी पळते. त्यामुळे आरएक्स तापून बंद पडत असेल तर बॅटरीच्या मागे लागू नका, आणि किट बसवलेली बुलेट बंद पडत असेल तर बॅटरी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आरएक्ससारख्या गाडीत माझा पहिला संशय सोर्स कॉइल आणि पिकअप कॉइलवर असतो, डब्यावर नाही. बारीक तांब्याची तार, वरचं वार्निश तीस-पस्तीस वर्षांचं, आणि जागा गरम इंजिनाच्या कडेला. थंड असताना मीटरवर सगळं ठीक दिसतं. तापल्यावर तार फुगते, आतला एखादा कच्चा जोड सुटतो किंवा दोन वेढे एकमेकांना लागतात. थंड झालं की पुन्हा जागेवर. थंड गाडीवर मोजून "कॉइल ओके" म्हणणं ही मी पाहिलेली सगळ्यात महागडी चूक.

मग गरम कसं मोजायचं? घरातला हेअर ड्रायर घ्या. कॉइलच्या वायरी कनेक्टरपासून सोडवा, मीटर लावून ठेवा आणि कॉइलवर गरम हवा मारत आकडा बघत बसा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे २५ अंशांना ३०० ओहम दाखवणारी कॉइल १०० अंशांना ३८८ च्या आसपास दाखवणार, आणि हे अगदी बरोबर आहे. आकडा वाढला म्हणून घाबरू नका. आकडा हळूहळू चढला पाहिजे. मध्येच उडी मारली, गायब झाला किंवा चढायच्या ऐवजी खाली आला तर कॉइल गेली. त्याच वेळी वायर बोटाने हलवून बघा. गरम इंजिनाच्या कडेला राहून पिकअपच्या वायरीचं प्लास्टिक कडक होतं आणि आतली तार नेमकी ग्रोमेटपाशी (वायर बाहेर येते तिथल्या रबरापाशी) तुटते. बाहेरून काहीही दिसत नाही. (ड्रायर घरातल्यांना न विचारता उचलू नका. ग्रीसचे डाग लागलेला ड्रायर परत करताना माझी काय अवस्था झाली ते इथे लिहीत नाही.)

आता रिस्टोरेशनवाल्यांची लाडकी चूक. चासीला पावडर कोटिंग होतं, गाडी आरशासारखी चमकते, आणि डबा किंवा कॉइल त्या कोटिंगवरच बोल्टने आवळली जाते. पावडर कोटिंग करंटला अडवतं. अर्थ (करंटची बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट) मिळतो तो बोल्टच्या आट्यांतून, जेमतेम. गाडी गरम होते, हादरते, आटे ढिले पडतात, मिसिंग सुरू. डब्याला आणि इंजिनाला बॅटरीच्या मायनसपासून स्वतंत्र काळी वायर ओढा, चासीच्या भरवशावर राहू नका. तपासायला इंजिन चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी डब्याच्या अर्थला लावा. ०.२ व्होल्टच्या वर काही दिसलं तर अर्थिंग कच्चं आहे. तशीच दुसरी मोजणी प्लसच्या बाजूने, बॅटरीपासून कॉइलपर्यंत. चाळीस वर्षांचा इग्निशन स्विच एकटाच एखादा व्होल्ट खाऊन बसलेला सापडतो.

बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारे रेक्टिफायर आणि रेग्युलेटरही विसरू नका. मध्यम रेसवर बॅटरीच्या टोकांना १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. रेग्युलेटर गेलेला असेल तर हाच आकडा १६-१७ वर जातो आणि तेवढ्यावर चांगला डबाही फार दिवस काढत नाही. उलट बाजूला, उतरलेल्या बॅटरीवर किक मारताना व्होल्टेज इतकं खाली येतं की काही डबे भलत्याच वेळी स्पार्क देतात आणि बुलेट किक बॅक मारते. घोट्याला बसलेला तो फटका दोन आठवडे लक्षात राहतो.

डबा कुठे बसवायचा? टाकीखाली, इंजिनाच्या हेडच्या बरोब्बर वर जागा रिकामी दिसते म्हणून तिथे नको. चालत्या गाडीला वारा तरी लागतो. घाट चढून चहाला थांबलात की वारा बंद, आणि हेडची सगळी धग वर टाकीखाली कोंडते. थांबल्यावर पुढची काही मिनिटं तिथलं तापमान वाढतच राहतं. चहा पिऊन आलं की गाडी चालू होत नाही, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. आतल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरवर ८५ किंवा १०५ अंश अशी मर्यादा छापलेली असते, आणि दर १० अंश वाढले की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. बुलेटला टूलबॉक्स आहे, तिथे हवा खेळती आहे, डबा तिथे बसवा. पाठ ॲल्युमिनियमची असेल तर ती धातूच्या पट्टीवर सपाट टेकू द्या, तीच तिची उष्णता बाहेर जाण्याची वाट. पाणी लागू नये म्हणून फोम, ट्यूबचा रबर आणि वर इलेक्ट्रिकल टेप गुंडाळणारे लोक मी पाहिलेत. थंडीत बाळाला गुंडाळावं तसं.

कास्ट आयर्न बुलेटवाल्यांसाठी एक खास सापळा. पॉइंटच्या प्लेटखाली स्प्रिंग आणि वजनांचा ॲडव्हान्स असतो. रेस वाढली की वजनं बाहेर फेकली जातात आणि टायमिंग पुढे सरकतं, म्हणजे स्पार्क लवकर पडतो. काही किट हेच काम स्वतः डब्यातून करतात. अशा किटबरोबर जुनी वजनं तशीच फिरत ठेवली तर ॲडव्हान्स दुप्पट होतो. खाली गाडी छान चालते, मोठ्या रेसला चढावर टणटण नॉक करते, हेड तापतं, आणि लोक म्हणतात किटमुळे गाडी तापते. किटच्या कागदावर वजनं लॉक करायला सांगितलं असेल तर लॉक करा. टायमिंग कानाने न लावता स्ट्रोब लाइटने, पूर्ण ॲडव्हान्सला तपासा. टायमिंग मागे राहिलं तरी गाडी तापते, फक्त तेव्हा बेंडपाइप निळा पडतो आणि गाडीची ओढ मरगळते.

प्लग उघडा धरून किक मारायची सवय मोडा. पॉइंटच्या काळात प्लग कॅप सिलिंडरपासून लांब धरून "करंट किती लांब उडी मारतो" हे बघायची हौस चालून जायची. इलेक्ट्रॉनिकमध्ये त्या हजारो व्होल्टना बाहेर रस्ता मिळाला नाही तर ते कॉइलच्या आतून किंवा डब्यातून रस्ता काढतात. प्लग कॅपमध्ये घालून त्याचा धातू हेडला घट्ट टेकवा, मगच किक. आणि प्लग किंवा कॅप, दोन्हींपैकी एक तरी रेझिस्टरवाली ठेवा. स्पार्कचा रेडिओ गोंगाट काही डिजिटल डब्यांना पिकअपचा इशारा वाटतो आणि ते वेड्यासारखे वागायला लागतात.

आणि हे सगळं करण्याआधी टाकीचं झाकण उघडा. खरंच. झाकणाचं हवेचं भोक बुजलं की टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोल खाली यायचं थांबतं, गाडी अर्ध्या-पाऊण तासाने बंद पडते आणि थोड्या वेळाने चालू होते. हुबेहूब तापलेल्या इग्निशनसारखं. झाकण उघडताना 'फुस्स' आवाज आला आणि गाडी चालू झाली तर डब्याशी तुमचं काही भांडण नाही. बुलेटचे टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) फार टाइट असतील तरी गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि हीच लक्षणं दिसतात. किक मारताना कॉम्प्रेशन नेहमीपेक्षा हलकं लागलं तर तिकडे बघा.

रस्त्यात बंद पडलीच तर गाडी थंड व्हायच्या आत तपासा. गरम असताना सापडतो तेवढा दोष घरी सापडत नाही. झाकण, मग प्लग टेकवून स्पार्क, स्पार्क नसेल तर कॉइलवर व्होल्ट येतात का. येत असतील तर ओला रुमाल पिळून फक्त इग्निशन कॉइलवर दोन मिनिटं ठेवा. त्यावर चालू झाली तर उत्तर मिळालं. डब्यावर पाणी ओतू नका.

माझ्या बुलेटला चार ओहमची कॉइल लावली, स्वतंत्र अर्थ ओढला, आणि 'मेलेला' पहिला डबा कुतूहल म्हणून पुन्हा जोडला. तो अजून चालतोय. दुसरा मात्र खरोखर जळला होता, राळेला तडा गेलेला. टूलबॉक्सच्या तळाशी जुन्या पॉइंटची प्लेट आणि नवा कंडेन्सर प्लास्टिकच्या डबीत ठेवलाय. किट बसवताना मिस्त्रीकाकांनी तीच प्लेट भंगारात टाकू का विचारलं होतं आणि मी हो म्हणणार होतो.